मराठा आरमाराचे लाकूड आणि शहापूर-मुरबाडचा मुलूख

मराठा आरमाराचा इतिहास बहुधा किनाऱ्यावरून लिहिला गेला आहे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी ही नावे त्यात ठळक आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा सागवानी मुलूख मात्र दुर्लक्षित राहिला. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि जानेवारी १६५८ मध्ये शहापूरजवळचा माहुली किल्ला. या घटनांचा विचार सहसा स्वतंत्रपणे केला जातो. वस्तुतः शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू या नद्यांचे पाणी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. बंदर आणि त्याच्या पाठीमागचे जंगल सुमारे तीन महिन्यांत एका सत्तेखाली आले, हे आरमाराच्या दृष्टीने निर्णायक मानावे लागेल.

१६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत कल्याण, भिवंडी व पनवेल येथे लढाऊ नौका तयार होत असल्याची नोंद आढळते. या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज व त्याचा पुत्र होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फूस लावल्यावर ते काम सोडून निघून गेले. तरीही बांधणी थांबली नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून ८५ लहान व ३ मोठी जहाजे बसरूरवर गेली. परतताना महाराजांनी गोकर्णाहून बहुतेक आरमार माघारी धाडले आणि फौज नद्यांपार नेण्यासाठी १२ नौका जवळ ठेवल्या. समुद्रातून सैन्य उतरविण्याच्या युद्धपद्धतीचा हा स्पष्ट दाखला होय.

अशा मोहिमेस जहाजाची घडण अनुकूल असावी लागते. गुराब रुंद, पुढे निमुळती होत गेलेली व कमी पाण्यात चालणारी. तिच्या नाळेवरून पुढच्या दिशेने तोफा डागता येत. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला तरी ते खाडीत शिरे आणि गुराबेस ओढूनही नेई. परंतु वल्ही मोडतात, डोलकाठी तडकते, खाऱ्या पाण्यातील किडा फळ्या पोखरतो. म्हणजे आरमार एकदा बांधून भागत नाही. लाकडाची मागणी दरवर्षी उभी राहते.

या मागणीचा भार कोणी सोसावा, हा खरा प्रश्न. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) त्याचे उत्तर आहे. त्यातील वृक्षांविषयीचा मजकूर पुष्कळदा थेट महाराजांचे पत्र म्हणून सांगितला जातो. तसे म्हणणे योग्य नाही. आज्ञापत्र गुराबा फार थोर वा फार लहान न करता मध्यम ठेवण्यास सांगते आणि प्रत्येक सुभ्यास पाच गुराबा व पंधरा गलबते नेमते. तख्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी राज्यातील सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असा त्याचा दंडक आहे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमारास उपयोगी, पण त्यास हात लावू नये. कारण ती झाडे रयतेने लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचा मोबदला देऊन, मगच ते तोडावे. बळजबरी सर्वथा वर्ज्य.