लाखेपासून लाखेकडे : लोकर-रेशमाच्या रंगविद्येचा प्रवास



जन्मभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने कापडाच्या रंगांवर बोलण्याचे धाडस करावे, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे त्या आमच्या सरांपाशी जाते. १९६६ साली ते आम्हांला विज्ञान शिकवीत. एके दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या एका चंचुपात्रात पिक्रिक आम्लाचे पिवळेधमक पाणी केले आणि त्यात तीन धागे सोडले. एक गवळी-धनगराच्या कांबळ्याचा फिकट लोकरीचा, दुसरा एका फाटक्या रेशमी वस्त्राचा आणि तिसरा साध्या सुताचा. पाणी तापविले, धागे काढले, साबणाने धुतले. लोकर आणि रेशीम हळदीसारखे पिवळे राहिले. सूत मात्र धुपून पांढरे झाले. गंमत अशी की, सरांची बोटेही चार दिवस पिवळी होती. आम्ही हसलो तेव्हा ते म्हणाले, आपली कातडीही लोकरीच्याच जातीची आहे. ते तीन धागे मी वहीत चिकटवून ठेवले.

लोकर आणि रेशीम यांना एका पंक्तीत बसविणे आपल्या घरांना नवे नव्हते. सोवळ्याला धाबळी चाले, मुकटा चाले, रेशमी कद चाले. धुऊन वाळत घातलेल्या सुती वस्त्राला कोणाचा हात लागला की ते मात्र ओवळे. आमच्या आजीने रसायनशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नव्हते. पण तिची वर्गवारी रसायनज्ञांच्या वर्गवारीशी नेमकी जुळते. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून मिळणारे प्रथिनांचे तंतू. त्यांच्यात जागोजागी अमिनो गट असतात आणि आंबट पाण्यात ते धनभारित होतात. ज्या रंगाच्या अंगी ऋण भार आहे तो त्यांच्याकडे ओढला जाऊन तेथेच अडकतो. सूत हे सेल्युलोज. त्याच्यापाशी असे गट नाहीत, म्हणून हा रंग त्याच्यावर बसत नाही. असल्या रंगांना आम्लरंग म्हणतात. नायलॉन माणसाने घडविलेला खरा. पण त्याच्याही साखळीच्या टोकांना अमिनो गट असल्यामुळे रंगाऱ्याच्या दृष्टीने तो लोकर-रेशमाचा धाकटा भाऊ ठरतो.

हे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी हातांत होते. आपल्या भाषेतच त्याची साक्ष आहे. कुसुंबी हा शब्द करडईच्या फुलाचा, नीळ हा झुडपाचा, किरमिजी हा एका किड्याचा; इंग्रजांचा क्रिमझनही त्याच अरबी मुळातून निघाला. आणि अळता? तो संस्कृत अलक्तकापासून आला. म्हणजे लाखेचा तांबडा रंग. पांडवांसाठी रचलेले लाक्षागृह आपण लक्षात ठेवले, ते तिच्या राळेमुळे. पण त्याच लाखेच्या किड्यातून निघणारा रंग शतकानुशतके रेशमावर आणि लोकरीवर चढत आला. देशी रंगारी त्या रंगात तुरटीबरोबर चिंचेचे पाणीही घालीत. आंबट का घालावे, हे त्यांना कोणी सूत्रात मांडून सांगितले नव्हते. घातल्याने रंग धरतो एवढे ठाऊक होते, आणि तेवढे पुरे होते.

गोमंतकाचा या लाखेशी एक ग्रंथसंबंधही आहे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या आरंभीच्या ग्रंथांपैकी तो एक. त्यात लाखेवर स्वतंत्र संवाद आहे. लाख मुंग्या तयार करतात, असा त्याचा समज होता. तो चुकीचा होता. तरी ही वस्तू झाडाचा डिंक नसून प्राण्याची करणी आहे, इथपर्यंत त्याची नजर पोहोचली होती. आमच्या कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांनी लाकडावर लाखेचे रंग चढविण्याची कला पुढे जोपासली, ती आपण जत्रेतल्या खेळण्यांत पाहिलेली आहे.

मग १८५६ साल उजाडले. लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरातून क्विनीन करू पाहत होता. हाती लागले एक जांभळे द्रव्य, आणि त्याने रेशीम सुरेख रंगले. रेशमावरच रंग प्रथम बसावा हा योगायोग नव्हे, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. खरे तर सरांचे ते पिक्रिक आम्ल याहूनही जुने. १७७१ मध्ये वुल्फ नावाच्या रसायनज्ञाने ते तयार केले होते, आणि पुढे लियाँच्या कारखान्यांत त्याने रेशीम पिवळे केले जाई. (ते स्फोटकही आहे, हे सरांनी आम्हांला सांगितले नाही, आणि बरेच केले.) १८५९ मध्ये मॅजेंटा आला. १८६२ मध्ये निकल्सन याने निळ्या अनिलीन रंगावर गंधकाम्लाची क्रिया करून तो पाण्यात विरघळेल असा केला. रंगाला मुद्दाम ऋण भार देण्याची ही युक्ती म्हणजेच आम्लरंगांचा पाया. पुढे अॅझो रंग आले. १८७६ च्या सुमारास निघालेला नारिंगी रंग, ऑरेंज टू, लोकरीवर इतका सहज बसे की, तो आजही पाठ्यपुस्तकांतून हललेला नाही.

हे रंग आपल्याकडे आले ते पत्र्याच्या डब्यांतून. विलायती कारखानदार मोठे चतुर. डब्यांच्या लेबलांवर आपल्याच देवादिकांची चित्रे छापून पाठवीत. रंगारी-निळारी मंडळींनी डबा घेतला, कारण दहा दिवसांचे काम तासाभरात होऊ लागले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु त्या व्यवहारात एक गोष्ट हातातून निसटली. आधी रंगाऱ्याला झाड ठाऊक असे, साल ठाऊक असे, आंबट-तुरट ठाऊक असे. आता त्याला क्रमांक ठाऊक झाला. डब्यात काय आहे, ते देशात कोणालाच माहीत नव्हते. लाखेचा रंग, जो इंग्रज सैनिकांच्या लाल कोटांसाठी बंगालमधून जहाजे भरून जाई, त्याला गिऱ्हाईक उरले नाही. लाख धुताना निघणारे लाल पाणी कारखानदार ओतून देऊ लागले. ठेवायची ती फक्त राळ.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मनीचे रंग थांबले. जगातले बहुतेक कृत्रिम रंग तेथूनच येत असल्यामुळे इंग्लंड-अमेरिकेचीही त्रेधा उडाली. त्यांनी स्वतःचे कारखाने उभारले. आपण मात्र जर्मनांऐवजी स्विस आणि इंग्रज डबे घेऊ लागलो. स्वदेशी कापडाचा आग्रह धरणाऱ्या देशात कापड आपले आणि रंग परक्याचा, ही स्थिती पुढेही कित्येक वर्षे टिकली. मला ती आपल्या स्वदेशीच्या इतिहासातली सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट वाटते.

ती बदलण्याचा आरंभ १ ऑक्टोबर १९३३ रोजी झाला. मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. त्याचे आद्य प्रमुख डॉ. फॉर्स्टर हे स्वतः रंगरसायनातले. पुढे हा विभाग माटुंग्याला गेला आणि यूडीसीटी या आद्याक्षरांनी घराघरांत ओळखला जाऊ लागला. २००८ पासून तो स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. १९३४ मध्ये तेथे लाहोरहून कृष्णस्वामी व्यंकटरामन आले. जन्म मद्रासचा, १९०१ चा; शिक्षण मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली. लाहोरला असताना त्यांनी शोधलेली एक अभिक्रिया आजही बेकर-व्यंकटरामन या जोडनावाने जगभर शिकविली जाते. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या जागी राहिले.

व्यंकटरामन यांचे मोठेपण मला वाटते ते असे. कारखाना काढण्यापूर्वी डब्यात काय आहे हे वाचता आले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. रंगाचा रेणू कसा रचला आहे, त्याचा कोणता भाग प्रकाश गिळतो, कोणता भाग तंतूला धरतो, घामाने, उन्हाने, साबणाने तो का ढळतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे अशी त्यांची शिस्त होती. दुसरे महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जर्मनीतल्या आय. जी. फार्बेनच्या कारखान्यांत जाऊन तेथील कृतींचे अहवाल तयार केले आणि ते प्रसिद्ध केले. रोखठोक कारखानी भाषेतली ती हजारो पाने. व्यंकटरामन यांनी ती चाळली, पारखली, आणि १९५२ मध्ये कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा ग्रंथ दोन खंडांत न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाला. १९७० नंतर त्यांच्या संपादनाखाली आणखी सहा खंड निघून १९७८ पर्यंत ते आठ झाले. ज्या देशात रंग डब्यातून येत होता, त्या देशातला माणूस आता डबे पाठविणाऱ्यांना वाचावा लागणारा ग्रंथ लिहीत होता. साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथाचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. पण एका ग्रंथाने उद्योगाला पाठीचा कणा दिल्याची उदाहरणे थोडी.

त्यांच्या शिष्यांत बाळ दत्तात्रेय टिळक हे विदर्भातल्या कारंज्याचे. रंगरसायनात नाव कमावून १९६६ मध्ये ते गुरूच्याच जागी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. इतर अनेक विद्यार्थी कारखान्यांत गेले. वलसाडजवळ कस्तुरभाई लालभाई यांनी १९४७ मध्ये स्थापिलेल्या आणि १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या अतुल कारखान्यात, तसेच मुंबई-ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात, हळूहळू रंग इथेच तयार होऊ लागले.

नायलॉनने मात्र या मंडळींची परीक्षा पाहिली. लोकरीत जितके अमिनो गट असतात त्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकेच नायलॉनमध्ये असतात. तेव्हा दोन रंग मिसळून घातले, तर जो अधिक धावरा तो जागा बळकावतो आणि दुसरा पाण्यातच राहतो. धागा ओढताना ताण थोडा कमी-जास्त झाला तरी कापडावर पट्टे उमटतात. म्हणून नायलॉनसाठी आम्लरंग निवडून घ्यावे लागतात. एकाच चालीने चढणारे, आणि पाण्याचा आंबटपणा हळूहळू वाढवीत नेऊन चढविलेले. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत फोंड्याच्या बाजारात परदेशी नायलॉनच्या साड्या आल्या, तेव्हा बायका त्यांचा रंग जात नाही याचेच कौतुक करीत. त्या न जाण्यामागे एवढा खटाटोप आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

या विद्येची काळी बाजू झाकून ठेवणे सरांना आवडले नसते. १८९५ मध्येच फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी मॅजेंटाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे दाखवून दिले होते. तरीही बेंझिडिनसारख्या द्रव्यांपासून रंग करणे पुढे कित्येक दशके चालू राहिले. जर्मनीने १९९४ मध्ये अशा अॅझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा निर्यात थांबेल या धास्तीने आपल्याकडे धावपळ झाली आणि १९९७ मध्ये आपणही बंदीचा आदेश काढला. कामगारांच्या मूत्राशयापेक्षा निर्यातीची काळजी अधिक वेगाने हलते, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. कारखान्यांच्या पाण्याने रंगलेले नाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

आता लाखेकडे वळतो. १९५७ मध्ये व्यंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरचा प्रमाणग्रंथ लिहिणाऱ्या या माणसाने १९६० च्या दशकात तेथे कोणता विषय हाती घ्यावा? लाखेचा लाल रंग. ए. व्ही. रामराव आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लॅकेइक आम्लांची रचना उलगडली. तो एक रंग नसून अनेक रंगांचे मिश्रण आहे, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यांचा सांगाडा अँथ्राक्विनोनचा. मंजिष्ठेतल्या अलिझारिनचा तोच, आणि लोकर-नायलॉनला निळा रंग देणाऱ्या कितीतरी आधुनिक आम्लरंगांचाही तोच. या रेणूंच्या अंगी स्वतःचे आम्लगट आहेत. म्हणजे चिंचेच्या पाण्यात रेशमाशी जे घडत होते, ते आणि निकल्सनने घडविले ते, दोन्ही मुळात एकच. ऑर्ताने गोव्यात ज्या द्रव्यावर संवाद लिहिला, त्याचा आतला नकाशा चारशे वर्षांनी पुण्यात काढला गेला. तोही डांबराच्या रंगांवर मिळविलेल्या विद्येच्या बळावर.

आपल्या तालुक्यातल्या माशेलला जन्मलेले रघुनाथ माशेलकर माटुंग्याच्या त्याच विभागात शिकले आणि १९८९ मध्ये पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांचा विषय रंगांचा नव्हे, रासायनिक अभियांत्रिकीचा. पण खुर्ची तीच, व्यंकटरामन आणि टिळक ज्या खुर्चीवर बसले ती. ही बातमी आली तेव्हा सरांना किती आनंद झाला होता, ते येथे बसलेल्या काहींना आठवत असेल.

या व्याख्यानासाठी मी ती जुनी वही शोधून काढली. रेशमाचा धागा अजून आहे, पिवळेपणा थोडा उतरला आहे. सुताचा धागा पांढराच्या पांढरा शाबूत आहे. लोकरीच्या जागी फक्त डिंकाचा डाग आणि थोडा भुगा उरला आहे. ती कसरीने खाल्ली.