प्रज्योत दिव्याचा फूत्कार आणि हर्था आयर्टन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील मोठ्या शहरांचे रस्ते विद्युत प्रज्योत दिव्यांनी उजळले. कार्बनच्या दोन कांड्यांमधील फटीत पेटणारी ही प्रज्योत अतिशय प्रखर असे. परंतु प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढला की ती फूत्कार करी व अस्थिर होई. या दोषाचे कारण शोधणाऱ्या इंग्लंडमधील हर्था आयर्टन (१८५४-१९२३) यांच्या संशोधनाचा आणि त्याला मिळालेल्या मान्यतेचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

फूत्काराची मीमांसा :
केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात गणित शिकलेल्या आयर्टन यांनी पती प्रा. विल्यम आयर्टन यांचे प्रज्योतीवरील प्रयोग १८९३ नंतर स्वतः पुढे नेले. प्रज्योत धन कांडीला जेथे टेकते, त्या जागेचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. तेथे एक तप्त विवर तयार होते व दिव्याचा बहुतांश प्रकाश त्यातूनच मिळतो. विवर कांडीच्या टोकावर मावते, तोवर प्रज्योत शांत असते. प्रवाह वाढला की विवर टोकाबाहेर कडेवर पसरते; हवेतील ऑक्सिजन तप्त कार्बनला थेट भिडतो आणि कार्बन जळू लागतो. त्याच क्षणी विद्युत दाब सुमारे १० व्होल्टनी घसरतो व फूत्कार सुरू होतो. हवा रोखली असता असे घडत नाही, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले.

मान्यता व नकार :
१८९९ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्ससमोर त्यांनी हा निबंध स्वतः वाचला व त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. रॉयल सोसायटीत मात्र १९०१ मध्ये त्यांचा निबंध जॉन पेरी यांना वाचावा लागला. १९०२ मध्ये ‘द इलेक्ट्रिक आर्क’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, विवाहित स्त्री कायद्याने फेलो होऊ शकत नाही, या कारणास्तव सोसायटीने त्यांची उमेदवारी नाकारली. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूजेस पदक दिले. सोसायटीत स्त्रिया फेलो म्हणून निवडल्या गेल्या त्या १९४५ मध्ये, म्हणजे आयर्टन यांच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी.

निष्कर्ष :
पुढे आलेल्या उच्च दाबाच्या विसर्जन दिव्यांत कार्बनऐवजी टंगस्टनची विद्युत अग्रे आली आणि प्रज्योत हवाबंद नळीत गेली. तरीही ती अग्रावर पसरून टेकते की एका लहान बिंदूशी एकवटते, यावर अग्राचे तापमान व दिव्याचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रज्योतीचे वर्तन तिच्या टेकण्याच्या जागी शोधावे, ही आयर्टन यांची दृष्टी म्हणूनच टिकून राहिली. त्यांचे निष्कर्ष स्वीकारण्यास विज्ञानसंस्थेला अडचण आली नाही. अडचण होती ती संशोधिकेला सभासदत्व देण्याची. विज्ञानाचा इतिहास लिहिताना या दोन्ही बाजूंची नोंद घेणे आवश्यक ठरते.