पटकीचा जंतू
लहान आतड्यात वाढून पटकी (कॉलरा) हा रोग उत्पन्न करणारा स्वल्पविरामाच्या आकाराचा ग्रॅम-ऋण जंतू. फीलीप्पो पाचीनी यांनी १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्याचे प्रथम वर्णन केले; रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकाता येथे त्याचे शुद्ध संवर्धन केले. दूषित पाणी व अन्न यांतून तो शरीरात जातो. जठरातील अम्लापासून बचावलेले जंतू कशाभिकेच्या साहाय्याने श्लेष्मस्तर भेदून आतड्याच्या अस्तरास चिकटतात. रक्तात ते सहसा शिरत नाहीत. त्यांच्या विषामुळे (→ जंतुविष) पेशींतील चक्रीय एएमपी वाढते, क्लोराइड व पाणी आतड्यात स्रवते आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन तीव्र निर्जलीभवन होते. तथापि ग्लुकोजसह सोडियमाचे शोषण चालू राहते. तोंडावाटे द्यावयाच्या क्षार-शर्करा द्रावणाचा उपचार (→ पटकी) यावरच आधारलेला आहे.