कौलांवरचे काटे

जुन्या चाळीच्या गच्चीवर गेलात, तर एखाद्या कोपऱ्यात अजूनही गंजलेला लोखंडी पाईप उभा दिसतो. त्याच्या टोकाला एके काळी अॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या होत्या. त्या केव्हाच भंगारवाल्याकडे गेल्या आणि पाईपला आता कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. पण १९७२ पासून पुढची वीस-बावीस वर्षं आपल्या शहरांचं आणि नंतर गावांचं आकाश या नळ्यांनी भरून गेलं होतं. किनाऱ्याकडच्या माणसाला ती आकृती पाहून माशाचा काटाच आठवायचा. मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना निघालेले काटे. या काट्यांचा इतिहास मुंबईत सुरू होत नाही, दिल्लीतही नाही. तो सुरू होतो जपानमधल्या सेंदाई गावात.

तिथल्या तोहोकु विद्यापीठात हिदेत्सुगु यागी नावाचे प्राध्यापक होते आणि शिंतारो उदा हे त्यांचे तरुण सहकारी. रेडिओलहरी चारी दिशांना उधळून न टाकता एका दिशेने कशा पाठवता येतील, याचे प्रयोग तिथे चालले होते. प्रयोगांचं बरंचसं कष्टाचं काम उदांनी केलं. १९२६ साली दोघांच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. १९२८ साली यागींनी एकट्याच्या नावाने इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाच्या तोंडी एकच नाव बसलं, यागी अँटेना. विज्ञानाच्या इतिहासात असं फार वेळा होतं. जो इंग्रजीत लिहितो त्याचं नाव राहतं.

खुद्द जपानने या शोधाकडे लक्ष दिलं नाही. युरोप-अमेरिकेने दिलं. १९४२ साली सिंगापूर पडलं, तेव्हा जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिशांची रडारयंत्रणा आणि एका सैनिकाची टिपणवही लागली. तिच्यात पुन्हा पुन्हा एक शब्द येत होता, ‘यागी’. त्याचा अर्थ जपानी अधिकाऱ्यांना लागेना. शेवटी एका युद्धकैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, अहो, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे. अशी ही हकिगत सांगितली जाते. याहून कडवट गोष्ट म्हणजे १९४५ साली हिरोशिमावर जो बॉम्ब पडला, त्याच्या रडारला याच जातीचे अँटेना होते. जमिनीपासून ठरावीक उंचीवर स्फोट व्हावा, म्हणून बॉम्ब किती खाली आला हे ते रडार मोजत होतं.

आणि उदा? ते १९५५ नंतर काही वर्षं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत कामाला होते. म्हणजे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आठवड्यातून दोनदा दिसणाऱ्या टेलिव्हिजनचा प्रयोग सुरू झाला, त्याच्या थोडंच आधी ज्याच्या हातून तो काटा घडला तो माणूस त्याच शहरात वावरत होता. आपल्याकडे याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा दूरदर्शन हा आकाशवाणीचाच भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी दोन्ही घरं वेगळी झाली. वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून मुंबईतले काटे उभे राहू लागले. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, शिवाय ‘छायागीत’, ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’. चाळीत एखाद्याच घरी संच असायचा. बाकीचे दाराबाहेर चपला काढून जमिनीवर बसायचे आणि ज्याच्या घरी संच त्याच्या गृहिणीला रविवारी संध्याकाळी स्वयंपाकही सुचत नसे.

हा अँटेना काम कसा करायचा, ते थोडं समजून घेतलं पाहिजे. सगळ्या नळ्यांपैकी वायर एकाच नळीला जोडलेली असते. ती नळी दुमडून लांबट कडं केल्यासारखी दिसते. लहरी खऱ्या अर्थाने ‘झेलते’ ती हीच. तिच्या मागची नळी किंचित लांब असते आणि ती आरशासारखी लहरी परत पुढे ढकलते. पुढच्या नळ्या किंचित आखूड असतात आणि त्या लहरींना वाट दाखवतात. या बाकीच्या नळ्यांना कसलीच वायर नाही, वीज नाही. केवळ योग्य लांबीच्या आणि योग्य अंतरावर असल्यामुळे त्या काम करतात. यागी आणि उदा यांचं सगळं शहाणपण या अंतरांत आहे.

लांबी ठरते ती लहरीवरून. मुख्य नळी साधारण अर्ध्या लहरीएवढी लागते. खालच्या पट्ट्यातल्या, म्हणजे साठ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या केंद्रासाठी ती सुमारे आठ फूट भरते, तर दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपास अडीच फुटांत भागतं. त्यामुळे एका गावचा अँटेना उचलून दुसऱ्या गावी नेला, तर तो तिथे चालेलच असं नव्हे. बदली होऊन आलेल्या कित्येक कुटुंबांनी सामानाबरोबर काटाही बांधून आणला आणि नव्या गावात तो निरुपयोगी ठरला.

अँटेना लावणं ही घरातली दोन-तीन माणसांची कामगिरी असे. एक गच्चीवर किंवा कौलांवर, एक खिडकीत, एक संचासमोर. “आलं का?” “थोडं डावीकडे!” “आलं, आलं… गेलं!” मधल्या माणसाचं काम नुसतं ओरडा पोचवायचं. गंमत अशी, की वरच्या माणसाने पाईप हातात धरलेला असताना चित्र स्वच्छ दिसायचं आणि त्याने हात सोडला की बिघडायचं. त्याचंही कारण साधं आहे. आपलं शरीर लहरी अडवतं आणि परावर्तितही करतं. तो माणूस त्या क्षणी स्वतःच अँटेनाचा एक भाग झालेला असे. काही घरांत धाकट्या भावाला चित्रपट संपेपर्यंत तिथेच उभं राहण्याची सूचनाही मिळाली असेल.

संदेश क्षीण असला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मुंबईत मात्र मुंग्यांपेक्षा दुहेरी चित्राचा त्रास जास्त होता. निवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली उभी. लोक त्याला भूत म्हणत. हे भूत कुठून येई? मनोऱ्यापासून निघालेली लहर एक तर सरळ येते, शिवाय समोरच्या उंच इमारतीवर आपटून दुसऱ्या वाटेनेही येते. ही दुसरी वाट तीनशे मीटर लांब असेल, तर ती लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी उशिरा पोचते. तेवढ्या वेळात पडद्यावर चित्र काढणारा किरण पाऊण सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. म्हणून सावली पाऊण सेंटीमीटर उजवीकडे. फूटपट्टी घेऊन बसलं असतं, तर कुठल्या इमारतीने आपलं चित्र बिघडवलं हेही शोधून काढता आलं असतं.

पुण्याला टेलिव्हिजन आला १९७३ साली आणि तो सिंहगडावरून आला. मुंबईचे कार्यक्रम गडावरच्या केंद्रातून पुन्हा प्रक्षेपित होऊ लागले. गडाची निवड भावनेपोटी झाली नव्हती. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. म्हणून जितकी उंची जास्त तितका पल्ला लांब. सिंहगड पुण्याच्या पातळीपेक्षा सुमारे साडेसातशे मीटर वर आहे. हिशेब केला तर मधे अडथळा नसेल तिथे शंभर किलोमीटरपर्यंत नजर पोचते. शिवकाळात ज्या कारणासाठी टेहळणीला डोंगर लागत, त्याच कारणासाठी प्रक्षेपणाला लागला.

पण ‘मधे अडथळा नसेल तिथे’ हे चार शब्द महाराष्ट्रात फार महाग पडतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांवर डोंगराची जशी उन्हाची सावली पडते, तशीच लहरींचीही पडते. एका वाडीत चित्र स्वच्छ आणि टेकाडापलीकडच्या वाडीत नुसत्या मुंग्या. लोक मग बांबूला बांबू जोडत, चाळीस-चाळीस फूट उंच काटे उभारत, बूस्टर लावत. तरी येत नसे. मुंबई-पुण्याची माणसं ज्या काळाला टीव्हीचं सुवर्णयुग म्हणतात, त्या काळात निम्मा महाराष्ट्र त्या युगाबाहेर होता. १९७५-७६ साली उपग्रहावरून २४०० खेड्यांत थेट चित्र पोचवण्याचा मोठा प्रयोग देशात झाला. त्या खेड्यांत कोंबड्यांच्या जाळीसारख्या तारेच्या दहा फुटी तबकड्या बसवल्या होत्या. पण त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

चित्र बदललं ते १९८२ नंतर. त्या वर्षी १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात आशियाई स्पर्धा झाल्या. पुढच्या वर्षी ‘इन्सॅट-१ बी’ उपग्रह वर गेला आणि १९८४ साली सरकारने कमी शक्तीची छोटी प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा धडाका लावला. काही महिने तर जवळपास दिवसाला एक केंद्र सुरू होत होतं. उपग्रहाकडून चित्र घ्यायचं आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिसरात सोडायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यामुळे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत काटे उगवले. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ते याच छोट्या केंद्रांमुळे शक्य झालं, हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं.

हे सगळं फुकट होतं का? पूर्ण नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत संचासाठी परवाना लागे आणि त्याचं दरवर्षी पोस्टात जाऊन नूतनीकरण करावं लागे. गच्चीवरचा काटा म्हणजे तपासनिसाला आयताच पुरावा. परवाना गेला, त्यानंतर मात्र एकदा संच आणि काटा विकत घेतला की दरमहा कुणाला काही द्यायचं नव्हतं. तुम्ही काय पाहता, किती वेळ पाहता, हेही कुणाला कळत नव्हतं. लहर आपली येत होती. झेलायची की नाही ते तुमच्या हातात.

त्या लहरीवर बोलणारा मात्र एकच होता. आणीबाणी शिथिल झाल्यावर, ६ फेब्रुवारी १९७७ च्या रविवारी दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. त्या दिवशी दूरदर्शनने ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ दाखवला. लोकांनी घरी बसावं म्हणूनच हे केलं, असं तेव्हाही मानलं गेलं. सभेला गर्दी झालीच. पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल दिला. तरीही काट्यावर झेलता येणारं दुसरं, खासगी दूरचित्रवाणी केंद्र भारतात कधी उभं राहिलं नाही. खासगी वाहिन्या आल्या त्या उपग्रहावरून आणि केबलच्या वायरीतून. माझ्या मते इथे एक संधी हुकली. निकाल लहरींबद्दल होता आणि प्रेक्षक मात्र वायरीला बांधला गेला.

या काट्यांनी जीवही घेतले, हे विसरून चालणार नाही. वीस फुटी पाईप उभा करताना तोल जातो आणि तो विजेच्या उघड्या तारांवर पडतो. पाईप सोडून देणं त्या माणसाच्या हातात उरत नाही. पावसाळ्यात वीज पडण्याचा धोका वेगळाच. पाईप जमिनीशी जाड तारेने जोडावा, हे पुस्तकात लिहिलेलं असे. प्रत्यक्षात ती तार कितीशा घरांनी टाकली असेल?

आणि कधी कधी काटे भलतंच काही झेलत. उन्हाळ्यात अरबी समुद्रावर थंड दमट हवेच्या थरावर गरम कोरडी हवा पसरते आणि लहरी त्या दोन थरांमध्ये बोगद्यातून जाव्यात तशा शेकडो मैल जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या रडारला हजार मैलांहून अधिक दूरचा अरबस्तानचा किनारा दिसल्याची नोंद आहे. तेव्हा एप्रिल-मे महिन्यात किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात रात्री अचानक अनोळखी लिपीतल्या बातम्या दिसू लागल्या, तर त्यात चमत्कार काही नव्हता.

केबल आली तसे काटे वाकले, कावळ्यांच्या बसण्याचे झाले, संक्रांतीचे पतंग अडकवण्यापुरते उरले. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने मासिक शुल्क नसलेली थेट तबकडीची सेवा सुरू केली. आज ती ‘फ्री डिश’ या नावाने कोट्यवधी घरांत आहे. ज्या वाड्या डोंगराच्या सावलीत होत्या, तिथे पहिल्यांदा स्वच्छ चित्र पोचलं ते अशा तबकड्यांनी. २०१६ साली मुंबई आणि औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) धरून सोळा शहरांत दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. ते झेलायला पुन्हा काटाच लागतो, फक्त नळ्या वीतभर. त्याचा गाजावाजा झाला नाही आणि बहुतेकांना ते कळलंही नाही. जुनी अॅनलॉग केंद्रं २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली. सरहद्दीजवळची आणि मोक्याची थोडी तेवढी ठेवली. छोट्या केंद्रांचे मनोरे काही तालुक्यांच्या गावांबाहेर अजून उभे आहेत.

पूर्वी गावात शिरताना काट्यांची तोंडं पाहिली की जवळचं केंद्र कुठल्या दिशेला ते समजायचं. नाशिककडचे एका बाजूला, कोल्हापूरकडचे दुसऱ्या. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, फ्री डिशच्या सगळ्या तबकड्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या असतात.