प्रारंभपृष्ठ
प्रारंभपृष्ठ : ब्राउझर उघडताच प्रथम दिसणारे पृष्ठ. ते बदलण्याची मुभा वापरणाऱ्यास पहिल्यापासून होती; परंतु ती अनेकजण वापरीत नसल्याने ही जागा व्यापारी दृष्ट्या मोलाची ठरली. नेटस्केप नॅव्हिगेटर (१९९४) हा ब्राउझर उघडताच कंपनीचेच पृष्ठ येई. त्याच्या शोधपृष्ठावरील जागेसाठी १९९६ मध्ये पाच शोधसेवांनी प्रत्येकी वर्षाला ५० लक्ष डॉलर देण्याचे मान्य केले.

वापरणाऱ्याला मात्र याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागे. सेकंदास २८·८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर ५० किलोबाइटांचे सचित्र पृष्ठ उतरण्यास किमान १४ सेकंद लागत आणि तेही काम सुरू होण्यापूर्वीच. म्हणून जाणकार कोरे पृष्ठ किंवा स्वतःच्या संगणकावर साठविलेली दुव्यांची यादी पसंत करीत. २००५ मध्ये गूगलने बातम्या, हवामान इत्यादींच्या चौकटी स्वतः मांडता येतील असे पृष्ठ काढले (पुढे नाव आयगूगल). निवड वापरणाऱ्याची असली, तरी गर्दी कायमच होती. ते २०१३ मध्ये बंद झाले. ऑपेराच्या ‘स्पीड डायल’ने (२००७) वापरणाऱ्याने निवडलेली नऊ संकेतस्थळे एवढेच समोर ठेवले, ही रचना अधिक समंजस म्हणावी लागेल. क्रोमने (२००८) अशी नऊ स्थळे वापराच्या वारंवारतेवरून आपोआप निवडली. सवयीचे विरंगुळेही त्यामुळे अग्रभागी आले. पुढे काही ब्राउझरांनी येथे बातम्या व जाहिराती आणल्या. फायरफॉक्समध्ये कोऱ्या पृष्ठाचा पर्याय टिकून आहे.