लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत

आज आम्ही चिंध्यांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या भाषणाची तयारी करताना आम्हीही आधी हसलो होतो. मग गटातल्या थोरल्या बायकांना विचारलं, "एका लुगड्याचं काय काय व्हायचं?" त्या सांगत गेल्या आणि आमची वही भरत गेली.

नवं लुगडं आधी सणावाराला. मग रोजचं. रंग उडाला की त्याचं जुनेर झालं, ते शेतात नेसायचं. लुगडं विरतं ते बसायच्या जागी, काठपदर तसाच राहतो. म्हणून विरलेला भाग कापून टाकायचा आणि राहिलेले दोन चांगले तुकडे जोडून घ्यायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं आणखी काही महिने निघायचं. तेही फाटलं की उरलं धडपं. धडप्यातून बाळाचं दुपटं, कुंची, लंगोट. बाकीचं गोधडीत. गोधडी जीर्ण झाली की तिचा तुकडा बैलाच्या पाठीवर, नाहीतर दाराशी पायपुसणं. आणि शेवटी पोतेरं, चूल आणि भुई सारवायला. पोतेऱ्याचे धागे सारवणाच्या शेणमातीत जायचे. लुगडं घरातून बाहेर गेलंच नाही, भुईत मुरलं.

आता एक फार जुनी गोष्ट ऐका. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा जो ग्रंथ आहे, विनयपिटक, त्यातली ही कथा. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे शिष्य आनंद कौशांबीला गेले. तिथल्या उदयन राजाच्या राण्यांनी त्यांचा उपदेश ऐकला आणि त्यांना पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला राग आला. एवढ्या कापडाचं हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय? तो आनंदांना भेटायला गेला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. एवढ्या चीवरांचं काय कराल? ज्यांची चीवरं जुनी झालीत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचं? जमिनीवरच्या बैठकी. जुन्या बैठकींचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? झाडपुशीचे फडके. आणि फडकी जुनी झाली की? ती कुटून, चिखलात कालवून त्यानं भुई लिंपू. राजाचा राग गेला. त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

आम्ही ही गोष्ट गटात वाचली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हणजे पोतेरंच की!" अगदी तेच. मात्र आम्हाला या कथेत एक खोच वाटते. आनंदांनी जे सांगितलं ते ग्रंथात उतरलं आणि राजाही त्यावर खूश झाला. राण्यांच्या वाड्यातल्या दासी आणि गावोगावच्या बायका तेच रोज करत असणार, त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांचं कुणी लिहूनही ठेवलं नाही.

भिक्खूंचं चीवर हेच मुळी शिवणकाम होतं. सुरुवातीला ते उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून, जोडून चीवर करत. पुढे जीवक वैद्यांनी भारी वस्त्र दान दिलं, तेव्हापासून गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घ्यायची मुभा झाली. तरी कापड तुकडे करून जोडायची रीत राहिली. मगधातली भातखाचरं आणि त्यांचे बांध दाखवून बुद्धांनी आनंदांना तसं चीवर करायला सांगितलं, असं विनयात आहे. आपल्या वाफ्यांसारखंच ते दिसतं.

कापड इतकं जपायचं कारण साधं आहे. ते हातानं व्हायचं. कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, पेळू करायचे, सूत कातायचं, मग ते मागावर जायचं. एका विणकराचा माग चालता ठेवायला अनेक जणींना चरखा फिरवावा लागे. नऊ वार लुगड्यात किती जणींचे किती दिवस गेलेत, हे नेसणारीला माहीत असायचं. फाडून फेकायला कुणाचा हात उचलणार?

आता गोधडीकडे येऊ. कुणी तिला वाकळ म्हणतं, सीमाभागात कौदी म्हणतात. सारवलेल्या भुईवर एक जुनेर पसरायचं, त्यावर धडपी, सदऱ्याचे तुकडे, धोतराची पानं फट न ठेवता मांडायची, वर दुसरं जुनेर. कोपऱ्यांवर वजनाला वरवंटा नाहीतर तांब्या. लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि मग धावदोरा. काही जणी कडेपासून चौकोनी फेरे घेत मधोमध येतात, काही जणी उभ्या ओळी घालतात. धागा विकत घेतलेला नसे, जुन्या लुगड्याचाच ओढून काढलेला.

आम्ही एक हिशेब मांडला. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी धरा. ओळी पाऊण इंचाच्या अंतरावर. म्हणजे 80 ओळी, प्रत्येक सात फुटांची. एकूण 560 फूट शिवण, जवळजवळ 170 मीटर. इंचाला दोन टाके धरले तर 13,440 टाके, तेही पाच-सहा पदरी कापडातून, सुई दर वेळी बोटानं रेटत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण जुन्या कापडाची सगळी गोष्ट मायेची नाही. हे आम्ही झाकणार नाही. आईच्या जुनेराची गोधडी अंगावर घेणं वेगळं आणि दुसऱ्याचं जुनं अंगावर घ्यायला भाग पडणं वेगळं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असा नियमच आहे. गावगाड्यात महार-मांगांच्या वाट्याला मढ्यावरचं कापड यायचं आणि तो त्यांचा हक्क म्हणून सांगितला जायचा. हक्काचं नाव, आणि पदरात काय, तर प्रेतावरचं कापड! आमच्या गटातल्या ज्या घरांनी हे भोगलं, त्या घरांतल्या बायका हा विषय निघाला की अजूनही आधी गप्प होतात.

तीच मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसता, दागिने कसे घालता, यावरून तुमची जात ओळखता येते, ही ओळख पुसा, असं त्यांचं सांगणं होतं. लुगडं घोट्यापर्यंत नेसा. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. मुलींना शिकवा. बायकांनी त्याच मुक्कामात नेसण बदलली. विचार करा, नवं लुगडं घ्यायला पैसे नव्हते. होतं तेच जुनं, दंड घातलेलं लुगडं, नेसलं मात्र नव्या तऱ्हेनं. आमच्या मते जुन्यातून नवं करणं याहून मोठं कुठे झालेलं नाही.

आणखी एका माणसाची आठवण इथे काढलीच पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा. अंगात ठिगळांचा, चिंध्या जोडलेला पेहराव, हातात खराटा आणि गाडगं. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवाही म्हणत. धर्मशाळा बांधायला लोकांकडून मिळालेला पैसा त्यांनी धर्मशाळांनाच लावला, स्वतःच्या अंगावर ठिगळंच ठेवली.

गिरण्या आल्यावर चित्र बदललं. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली. हळूहळू गावात गिरणीचं लुगडं आलं आणि चरखा माळ्यावर गेला. तरी जुनेराची किंमत कमी झाली नाही, कारण पैसा कुठे होता? दुसऱ्या महायुद्धात तर कापडच मिळेनासं झालं. 1943 मध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. आपल्या आज्या "कंट्रोलचं कापड" म्हणतात ते हेच. त्या काळी ज्या घरात दंड घालता येणारी बाई होती, त्या घराची लाज झाकली गेली.

खरा फरक टेरिलीन-पॉलिस्टरनं केला. ही साडी विरत नाही, फाटत नाही, मग तिचं जुनेर होणार कधी? घाम शोषत नाही, सुईखालून सटकते. तिची गोधडी कितीही धुवा, मऊ होत नाही. मग शहरांत आणि बाजाराच्या गावांत बोहारीण येऊ लागली. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. चार साड्या, दोन पँटी द्या आणि स्टीलचं पातेलं घ्या. त्या घासाघिशीची चेष्टा खूप झाली आहे. पण या बायका, पुष्कळशा गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या, उन्हातान्हात दारोदार फिरून आपलं जुनं उचलत, धूत, टाके घालत, बटणं लावत आणि ते कमी पैशात दुसऱ्या गरिबाच्या अंगावर जाई. फारच फाटलेलं सुती कापड कारखान्यात यंत्रं पुसायला जाई. म्हणजे तिथेही पोतेरंच. आपण भांड्याचा हिशेब केला, त्यांच्या कामाचा केला नाही.

गोधडीच्या बाबतीत आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते शेजारच्या कर्नाटकातल्या सिद्दी बायकांनी. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या जंगलपट्ट्यात त्या राहतात. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं होतं. त्यातले पुष्कळ जण पळून घाटाच्या रानात शिरले. आज त्या कोंकणी बोलतात, काहींना मराठीही येतं. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. त्या तुकडे आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, एकेक तुकडा ठेवत, कडा आत दुमडत, टाके घालत गोल गोल मधोमध येतात. नकाशा नाही, मोजपट्टी नाही. शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांवाचून कवंदी नागडी, असं त्या मानतात. ज्यांच्या पूर्वजांना अंगावरच्या कापडासकट विकलं गेलं, त्यांच्या लेकींनी कोपऱ्याच्या फुलाचा हट्ट सोडला नाही. त्यांच्या कवंद्या आता परदेशातल्या संग्रहालयांपर्यंत गेल्या आहेत. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र 2003 साली मिळाला.

आता आमच्या गटाचं सांगतो आणि थांबतो. शहरातल्या एका दुकानानं आमच्याकडे सहा गोधड्यांची मागणी केली. सुती जुनेरच हवं, पॉलिस्टर नको, टाके बारीक हवेत, अशा अटी. आता सुती जुनेर मिळवायलाच तीन गावं फिरावी लागतात, काही वेळा विकत घ्यावं लागतं. आम्ही शिवल्या. भाव ठरवायची वेळ आली तेव्हा तिकडून उत्तर आलं, "कापड तर जुनंच आहे ना?" म्हणजे कापडाला किंमत नाही, म्हणून गोधडीलाही नाही. मग आम्ही ती वही काढली आणि 13,440 चा हिशेब वाचून दाखवला. एका गोधडीला किती दिवस, दिवसाला शेतमजुरीचा आपल्याकडचा दर काय, धाग्याची रिळं किती, सगळं. दुकानानं दोन घेतल्या, चार परत पाठवल्या. गटात यावरून वाद झाला. काही जणी म्हणाल्या, पडेल भावात द्यायला हव्या होत्या, घरात पैसा आला असता. ते खोटं नाही. ज्यांच्या चार गोधड्या परत आल्या त्यांचे दिवस अजून भरून निघालेले नाहीत आणि त्या चार गोधड्या गटाच्या पेटीत आहेत. पुढच्या बैठकीत दर पुन्हा मांडणार आहोत.

तोवर एक काम तुमच्याकडे. तुमच्या गावात गोधडीला काय म्हणतात, ओळी कडेपासून घालतात की उभ्या, तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या गोधडीत कुणाकुणाचं लुगडं आहे, हे घरातल्या थोरलीला विचारून आमच्या केंद्राच्या पत्त्यावर लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. घटस्थापनेआधी गोधड्या धुवायला नदीवर निघतीलच, तेव्हा उलगडून बघायला वेळ मिळेल.