चांदीच्या तळावरचं नाव

आज चांदीबद्दल बोलू, पण दागिन्यांबद्दल नाही. पलटणीच्या मेसमध्ये मेजवानीच्या रात्री टेबलावर जी चांदी मांडतात, त्या किटल्या, सुरया आणि करंडकांबद्दल. नोकरीत असताना ती वर्षानुवर्षं समोर होती. निवृत्त झाल्यावर मी अशा वस्तू उलट्या करून त्यांचा तळ पाहायला लागलो.

दक्षिणेतल्या जुन्या चांदीच्या तळावर भेटणारी दोन नावं म्हणजे मद्रासचे पी. ऑर अँड सन्स आणि आमच्या बेंगळुरूचे बार्टन. बार्टनचं दुकान साउथ परेडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर होतं. तिथल्या बार्टन सेंटर या इमारतीमुळे नाव अजून टिकून आहे. दुकानं साहेबांची, पण चांदी ठोकणारे हात इथलेच. १८०९ मध्ये बेंगळुरूला छावणी पडली. तिला जे काही लागतं ते पुरवणारी वस्ती शेजारी वाढली, ती ब्लॅकपल्ली. तेच आजचं शिवाजीनगर, मी राहतो ते. कमर्शियल स्ट्रीटला लागून आमच्याकडे ज्वेलर्स स्ट्रीट आजही आहे.

काम कसं चालायचं ते सांगतो. चांदीचा पत्रा ठोकून भांड्याचा आकार द्यायचा. मग आत वितळलेली राळ भरायची, म्हणजे ठोकताना पत्रा फाटत नाही आणि आकारही बिघडत नाही. नक्षीचा उठाव आतून काढायचा आणि बारकावे बाहेरून छिन्नीने. मद्रासकडच्या या कामात देवादिकांच्या मूर्ती असत, म्हणून साहेबांनी त्याला ‘स्वामी’ काम म्हटलं. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला, त्यानंतर तर विलायतेत त्याची फॅशनच झाली. चहाच्या किटलीवर विष्णू आणि शिव! गंमतच म्हणायची. पण हात असा की देवाच्या मुकुटातला मणीन्‌मणी मोजून घ्यावा.

तो हात कुणाचा, हे मात्र तळ सांगत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीवर हॉलमार्कची सक्ती नव्हती, दुकानदार मारील तो शिक्का. म्हणून दोन अपवाद मला मोठे वाटतात. भूजच्या उमरशी मावजींनी आपल्या कामावर ‘ओ. एम.’ ही स्वतःची आद्याक्षरं उमटवली. आणि पुण्यातल्या एका कारागिराच्या वस्तूंवर इंग्रजी अक्षरांत पूर्ण नाव येतं : हीरप्पा बूचेना, पूना. हे नाव वाचून आम्हा बेंगळुरूकरांचे कान टवकारतात. पुण्याच्या चांदीचा इतिहास सांगताना पेशव्यांच्या जामदारखान्यावर थांबणाऱ्यांनी या माणसाला विसरू नये.

आता जरा लांब, डेन्मार्क-स्वीडनला जाऊ, कारण नावाचा हाच प्रश्न तिथे वेगळ्या रीतीने सुटला. कोपनहेगनच्या चांदीवर शहराचे तीन बुरूज उमटवायची पद्धत सतराव्या शतकापासूनची. १७७५ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या राजेशाही चिनीमातीच्या कारखान्याची खूण म्हणजे तीन निळ्या लाटा, म्हणजे देशाच्या तीन सामुद्रधुन्या. हाताने रंगवलेल्या बशीखाली लाटांच्या जोडीला रंगवणाऱ्याचीही खूण असते. गेऑर्ग येन्सननं १९०४ मध्ये कोपनहेगनला चांदीचं दुकान काढलं. त्याच्याकडे योहान रोहडसारख्या चित्रकाराच्या नक्षीला चित्रकाराचंच नाव मिळालं. अर्थात तिथेही हातोडा मारणारा बहुधा निनावीच राहिला, हे सांगायला हवं. स्वीडनच्या ऑरेफॉर्स काचकारखान्याने त्याच्या पुढे पाऊल टाकलं. १९१६ मध्ये सिमोन गाटे आणि १९१७ मध्ये एडवर्ड हाल्ड हे चित्रकार तिथे आले. त्यांच्या कोरीव काचेच्या तळाशी कल्पना काढणाऱ्याच्या नावासोबत पुष्कळदा कोरणाऱ्याची आद्याक्षरंही सापडतात.

आमच्याकडे जे काही शिक्के उरले, ते पॉलिशने झिजत चाललेत. प्रत्येक मेजवानीआधी जवान इमानेइतबारे चांदी घासतात. दर वेळी चांदीचा पापुद्रा जातो, आधी देवांची नाकं आणि मग तळावरची अक्षरं. तुमच्या घरी आजोबांना बक्षीस मिळालेला पेला किंवा जुनी अत्तरदाणी असेल, तर ती उलटी करा. खिडकीच्या तिरक्या उजेडात तळाचा फोटो काढून ठेवा. चकाकी हवी तर बाकीचं भांडं पुसा. तळाला हात लावू नका.